इंजिन बंद करायचे नाही

त्या आठ महिन्यांत आमच्या घरात एक नियम होता : गाडी एकदा सुरू झाली की घरी परत येईपर्यंत तिचे इंजिन बंद करायचे नाही. हा नियम कोणी घालून दिला नव्हता. वयोमानाने येणारे पथ्य जसे नकळत अंगवळणी पडते, तसा तो आम्हा उभयतांच्या अंगवळणी पडला. पेट्रोल भरण्यासाठी मात्र इंजिन थांबवावेच लागे. म्हणून ते काम मी एकटा असताना, आणि धक्का द्यायला दोन माणसे हाताशी असतील अशाच पंपावर, उरकून घेत असे.

बोईसरच्या एका शाळेत मी संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर सरावलीतील तळमजल्यावरच्या घरात राहून, कारखान्यांत नोकरीसाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांकडे सत्यनारायण, वास्तुशांत, क्वचित श्राद्धपक्ष अशी कामे करू लागलो. त्यासाठी ही जुनी व्हॅन घेतली होती. दोन वर्षांपूर्वी पत्नीच्या खुब्याचे हाड मोडले आणि व्हॅनचे प्रयोजनच पालटले. रिक्षात तिला पाय दुमडून बसता येत नाही. मोटारीचे आसन तिला फार खोल जाते. या व्हॅनचा बाजूला सरकणारा दरवाजा मात्र रुंद, आणि मागील आसन तिच्या चाकांच्या खुर्चीच्या बरोबर उंचीचे. सोसायटीच्या वॉचमनने एका बाजूने धरायचे, मी दुसऱ्या बाजूने, आणि तिला अलगद आत सरकवायचे. या वाहनाखेरीज तिला उंबऱ्याबाहेर नेण्याचे दुसरे साधन आमच्यापाशी नव्हते. आमच्या घराच्या खिडकीतून कुंपणाची भिंत दिसते. भिंतीपलीकडे काय चालले आहे, ते आवाजावरून ओळखावे लागते.

आठवड्यातून दोनदा मी तिला घिवलीला समुद्रावर नेत असे. बंधाऱ्याच्या कडेला गाडी उभी करून दरवाजा सरकवला की समोर पाणी. ती आतच बसे. तासभर. नंतर आम्ही परत येत असू.

गाडीची तक्रार अशी की चावी फिरवली असता कधी ती निमूटपणे सुरू होई, तर कधी आतून केवळ ‘टक’ असा एक आवाज येई आणि पुढे काही नाही. पुन्हा फिरवावी, पुन्हा ‘टक’. मी बॅटरी बदलली. पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. बॅटरीची टोके घासून घेतली. मिस्त्रीकडे नेली, तर त्याच्यापुढे ती दहापैकी दहा वेळा सुरू झाली. मिस्त्री म्हणाला, “दोन दिस ठेवून जा गुरुजी, अडंल तवा बगतो.” दोन दिवस म्हणजे दोन दिवस पत्नीने भिंतीकडे पाहत बसायचे, शिवाय दोनाचे चार होतात, हे मला ठाऊक होते. मी गाडी परत आणली. सोसायटीच्या फाटकाबाहेर थोडा उतार आहे. तेथे ती उभी करू लागलो. न सुरू झाल्यास वॉचमन आणि येणारेजाणारे धक्का देत. वॉचमन उत्तरेकडचा. प्रत्येक वेळी तो म्हणे, “पंडितजी, गाड़ी भी बूढ़ी, हम भी बूढ़े.” आणि धक्का देई.

मुलगा दूरच्या शहरातून फोनवर सांगे, “बाबा, विकून टाका ती. अडकाल कुठेतरी आईला घेऊन.”

“गाडीची उपासना चालू आहे,” मी म्हणत असे. यात विनोद नव्हता.

वाहन हे लक्ष्मीचे रूप आहे आणि यंत्रातही शक्तीचा वास आहे, ही माझी श्रद्धा. दसऱ्याला वाहनाची पूजा सर्वच करतात. येथील टेम्पोवाले अमावास्येला चाकापुढे नारळ वाढवतात. माझी पूजा त्याहून निगुतीची होती. या व्हॅनचे इंजिन पुढील आसनाखाली असते; चालकाचे आसन उचलले की ते दिसते. चाकापुढे रस्त्यावर नारळ फोडून ते पाणी धुळीत जाऊ देणे मला अप्रशस्त वाटे. मी सकाळी, इंजिन थंड असताना, आसन उचलून हळदकुंकू वाहत असे, अक्षता टाकीत असे, आणि वाढवलेल्या नारळाचे पाणी थेट इंजिनावर, धार न मोडू देता, सोडीत असे. पत्नी आतून नारळ सोलून देई. प्रारंभी हे अमावास्येपुरते होते. गाडी अडू लागली तेव्हा मी पौर्णिमाही धरली. बॅटरी बदलूनही गुण येईना तेव्हा दर शनिवारही धरला. पंचांगाचे पान उलटून मी पत्नीला सांगितले होते की हा काळच प्रतिकूल आहे, तो सरेपर्यंत सोसले पाहिजे. ती सोसत होती.

घिवलीलाही आम्ही इंजिन चालू ठेवूनच बसत असू. आसनाखालून सतत घरघर. एकदा ती म्हणाली, “अहो, समुद्र दिसतो, पण ऐकू काही येत नाही. दूरदर्शनवर आवाज बंद करून बघावा तसं वाटतं.” मी म्हटले, “काही दिवस.” तिने मान हलवली आणि पाण्याकडे पाहत राहिली.

ज्या सकाळची गोष्ट सांगायची आहे, त्या सकाळी आम्ही लवकर निघालो होतो आणि माझा नित्य जप राहून गेला होता. बंधाऱ्यापाशी पोहोचल्यावर मी बाटलीतील पाण्याने आचमन केले, सूर्याला अर्घ्य दिले आणि पुढील आसनावर बसून माळ हाती घेतली. इंजिनाच्या थरथरीने मणी बोटांखालून निसटत होते. दोनदा संख्या चुकली. जपात खंड नको, एवढाच विचार मनात होता. माळ क्षणभर डाव्या हाती घेऊन उजव्या हाताने मी चावी फिरवली आणि इंजिन बंद केले.

मागून पत्नी म्हणाली, “अहो.”

मी जपात होतो, म्हणून बोललो नाही. तीही पुढे बोलली नाही. दोन माळा झाल्या. समुद्राचा आवाज येत होता, हे माझ्या नंतर ध्यानात आले. त्या वेळी तो फक्त तिला ऐकू येत होता.

माळ गोमुखीत ठेवून मी चावी फिरवली. टक.

पुन्हा टक. मी देवाचे नाव घेऊन थोडा थांबलो, मग फिरवली. टक.

पुढे चार हातांवर बंधाऱ्याचे दगड होते, मागे चढ, आणि चाके भुसभुशीत वाळूत. धक्का देऊन सुरू करण्यास ती जागा अगदी निरुपयोगी. आणि धक्का देणार तरी कोण? पुरुषमंडळी होड्यांवर नाहीतर कारखान्यांत गेलेली. दूर, बांबूच्या मांडवावर मासळी वाळत घालणारी एक बाई तेवढी दिसत होती. उन्हाला धार येऊ लागली होती. पत्नीला उतरवायचे म्हटले तर दोन माणसे आणि खुर्ची हवी, खुर्ची घरी. व्हॅनचे छप्पर पत्र्याचे.

“मला मुलाचं ऐकायला हवं होतं, असं म्हणू नका आता,” पत्नी म्हणाली. “फोन करा मिस्त्रीला.”

मिस्त्रीचे गॅरेज कुंभवलीच्या बाजूला. तो मूळचा आत डोंगराकडच्या पाड्यातला. पावसावरची थोडी शेती भावाकडे सोपवून हा बोईसरला येऊन हे काम शिकला. फोन घेताच त्याने विचारले, “हॉर्न वाजतो का? वाजवा, फोन तितं धरून.”

मी वाजवला. मांडवावरची बाई वळून पाहू लागली.

“जोरात हाय. आता हेडलाइट लावा आणि चावी फिरवा. लाइट मंद व्हते का तेवडं बगा.”

लाइट लावली, पण उन्हात आसनावरून काही दिसेना. उतरून पाहावे तर चावी कोण फिरवणार? तोवर ती बाई जवळ आली होती. हाताला मासळीचा वास, डोक्यावर ओढणी बांधलेली. मी तिला गाडीपुढे उभे राहून दिव्याकडे पाहण्याची विनंती केली.

“आनि काय बगू?”

“मी चावी फिरवल्यावर दिवा मंद होतो का, तेवढे सांगा.”

टक.

“नाय. हाय तसाच हाय.”

टक.

“तसाच. बावा, तुमी आतून काय टकटक करता?”

मी मिस्त्रीला सांगितले. तो म्हणाला, “मंग बॅटरी नाय, गुरुजी. बॅटरीत दम हाय, पन तो सेल्फपर्यंत पोचंना नायतर सेल्फ घेईना. सेल्फ म्हंजे ती मोटर, इंजिनला पयला फिरवते ती. हितं एका गाडीचा गिअर उतरवलाय, तो चडवून येतो. दीड तास धरा.”

दीड तास. मी दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडले. वाऱ्याऐवजी धग आत आली. पत्नीने पदर डोक्यावर घेतला आणि पाणी मागितले. बाटलीत दोन घोट उरले होते. बाकीचे मी आचमनाला आणि अर्घ्याला वापरले होते. ते दोन घोट तिने घेतले आणि बाटली उलटी करून पाहिली.

त्या बाईनेच विचारले, “आजीस बाहेर नाय काडीत?”

“तिला उतरता येत नाही.”

“अरं देवा. मंग आत कोंडून ठेवली?” ती मांडवाकडे गेली आणि स्टीलच्या कळशीत पाणी आणि एक जुनी साडी घेऊन आली. साडी दरवाजावर बांधून तिने सावली केली. पत्नी कळशीतून ओंजळीने पाणी पिऊ लागली. मी कधी तिला तसे पिताना पाहिले नव्हते.

“कंबर मोडली काय, आजी?”

“खुबा.”

“माज्या सासूचापन मोडला. ती तर खाटंवरनंच समद्यांना शिव्या घालते. तुमी घाला की थोड्या.”

“हे शिव्या घालण्यासारखे नाहीत,” पत्नी म्हणाली, आणि माझ्याकडे न पाहता हसली. “तेच तर अवघड आहे.”

बाई आपल्या कामाला परतली. सावली सरकत होती. पत्नीचे पाय सुजू लागले होते. एकाच स्थितीत तासाहून अधिक बसले की तिला तसे होते. दोन्ही हातांनी मांडी उचलून ती इंचभर इकडे, इंचभर तिकडे सरकवीत होती. मी तिच्यासाठी काहीही करू शकत नव्हतो. मी चावीला पुन्हा हात लावला नाही. मला त्या आवाजाची भीती वाटू लागली होती. किनाऱ्यालगतच्या वीजकेंद्राच्या चिमणीकडे पाहत मी मनोमन नवस केला : गाडी सुरू होऊ दे, येत्या अमावास्येला एकाऐवजी दोन नारळ वाढवीन. नवस केल्यावर मला थोडे बरे वाटले. हे येथे लिहिताना संकोच होतो, पण ते खरे आहे.

मिस्त्री मोटारसायकलवरून आला तेव्हा दीड तासाचे तीन झाले होते आणि माध्यान्ह टळली होती. त्याने पत्नीला “आजी, बरं हाय ना?” असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता वाळूत पाठ टेकून गाडीखाली शिरला. “चावी फिरवून धरा,” तो खालून म्हणाला. मी फिरवली. टक. मग खालून पान्याच्या दांड्याचे ठोके ऐकू आले. एक, दोन, तीन. तिसऱ्या ठोक्याला इंजिनाने अंग झाडले आणि ते सुरू झाले.

दरवाजावरची साडी सोडायला आलेली बाई म्हणाली, “मारल्यावर चालली. आमच्या मालकाचं असंच हाय.”

पत्नी मोठ्याने हसली. मला हसू आले नाही. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट बसले होते आणि सुटत नव्हते.

“बंद नका करू,” मिस्त्री म्हणाला. “सरळ गॅरेजला. आज सेल्फ उतरवूनच सोडतो.”

कुंभवलीच्या बाजूला त्याच्या शेडमध्ये, कारखान्यांच्या गाड्या ये-जा करतात त्या रस्त्याच्या कडेला, पत्नी व्हॅनमध्येच बसून राहिली. तिच्यासमोर मिस्त्रीने एक टेबलपंखा ठेवला. इंजिन निवू दिल्यावर त्याने आधी बॅटरीची ऋण तार सोडवली. “हिला पयली सोडवायची. नायतर पाना टेकला की ठिनगी.” मग गाडीखाली जाऊन त्याने जाड तारेचा नट फिरवला, तो फिरेना, तेल सोडून थोडा वेळ थांबला, मग दोन बोल्ट काढून ती मोटर बाहेर आणली. दोन्ही मुठी एकत्र धराव्यात एवढी, पण जड. तिच्या टोकावर हिरवट-पांढरा थर जमला होता, वाळलेल्या शेवाळासारखा.

“खारी हवा,” मिस्त्री म्हणाला. “घिवलीला नेता ना दर आटवड्याला?”

“होय,” मी तत्परतेने म्हणालो. तेवढ्यावर थांबता आले असते, तर मी थांबलो असतो, हे कबूल केले पाहिजे.

पण त्याने स्क्रू काढून मोटरवरची डबी उघडली, बोटाने तो थर खरवडला आणि बोट नाकाशी नेले. मग तळहातावर काही टिपून घेऊन मला दाखवले. काळे पडलेले, कुंकवाने चिकटलेले तांदळाचे तीन दाणे.

“गुरुजी, हितं तांदूळ कोनी पेरले?”

मी ते दाणे त्याच्या तळहातावरून उचलून घेतले. माझ्याच अक्षता.

“हे खारं नाय. चिकाट हाय, गोडं. असं मी रसवाल्याच्या टेम्पोत बगितलंय. वरून काय सांडता तुमी?” त्याने चालकाचे आसन उचलले. इंजिनावर मी काढलेले स्वस्तिक होते, सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या, आणि तेथून खाली, मोटर बसते त्या जागेपर्यंत, पाण्याचा ओघळ वर्षानुवर्षे गेला की दगडावर जशी वाट पडते, तशी एक तपकिरी वाट पडलेली होती. तिच्याकडे त्याने बोट दाखवले नाही.

“नारळाचे पाणी,” मी म्हणालो. “मी सोडतो. अमावास्येला.”

व्हॅनच्या मागील आसनावरून पत्नी म्हणाली, “आणि पौर्णिमेला. आणि शनिवारी.”

मिस्त्रीने रुमालाने मान पुसली. त्याच्या शेडमध्येही कोपऱ्यात देवाची तसबीर होती, तिच्यापुढे उदबत्ती. तो हसला नाही, याबद्दल मी आजही त्याचा ऋणी आहे. “देवाला नारळ द्या ना, गुरुजी,” तो हळू म्हणाला. “देव वायरिंग नाय.”

पत्नीचा आवाज पुन्हा आला, शांत आणि अगदी सावकाश. “अहो, म्हणजे गाडी अडली की तुम्ही पाणी वाढवत होता, आणि पाणी वाढलं की गाडी अडत होती. आणि मी आठ महिने ग्रहांना हात जोडत बसले.” मग ती म्हणाली, “नारळ तर मीच सोलून देत होते.”

शास्त्राधाराने मी काही उत्तर देऊ शकलो असतो. भाव शुद्ध होता, असे म्हणता आले असते, तो होताच. पण आठवड्यातून दोनदा मोजून मिळणारा समुद्र ती ज्या घरघरीमागून पाहत होती, ती घरघर माझ्या शुद्ध भावातून उत्पन्न झाली होती. मी गाडीपाशी गेलो आणि तिच्या सुजलेल्या पावलांकडे पाहत म्हणालो, “चूक माझी झाली.” सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी तिच्यापाशी यापूर्वी उच्चारले होते की नाही, ते आठवत नाही. ती म्हणाली, “पंखा थोडा इकडे वळवा.”

जुनी मोटर दुरुस्त होण्याजोगी नव्हती. आतले कार्बनचे ब्रश पार झिजले होते. मिस्त्रीने नवी बसवली, तारांची टोके घासून लखलखीत केली आणि ऋण तार शेवटी जोडली. मग इंजिन बंद-चालू, बंद-चालू, असे त्याने माझ्या हातून कितीतरी वेळा करवले. प्रत्येक वेळी इंजिन एका दमात सुरू होई, आणि प्रत्येक वेळी चावी फिरवताना माझ्या बोटांना त्या ‘टक’ची अपेक्षा असे. आठ महिन्यांची सवय एका दिवसात मोटरबरोबर उतरवून ठेवता येत नाही. पुढे दोन आठवडे मी फाटकाबाहेरच्या उतारावरच गाडी उभी करीत होतो. वॉचमन विचारी, “पंडितजी, अब क्यों?”

अमावास्या आली. दोन नारळांचा नवस होता आणि नवस फेडलाच पाहिजे. त्यात माझी श्रद्धा यत्किंचितही ढळली नव्हती. मी पत्नीला म्हणालो, “घिवलीलाच वाढवू.” तिने दोन्ही नारळ सोलून दिले आणि तांब्या बरोबर घ्यायला सांगितले.

बंधाऱ्यापाशी पूर्वीच्याच जागी गाडी उभी केली, फक्त या वेळी तोंड वर, रस्त्याकडे. इंजिन चालू होते. मी उतरून पाण्याकडचा दरवाजा सरकवला, बंधाऱ्याच्या दगडावर संकल्प सोडून नारळ वाढवले आणि पाणी तांब्यात धरले. देवाला दाखवून झाल्यावर तांब्या पत्नीच्या हाती दिला. ती प्याली, मग मांडवावरच्या त्या बाईला हाक मारून उरलेले तिला दिले. बाईने तांब्या उंच धरून, ओठांना न लावता, संपवला. “गोडं हाय,” ती म्हणाली आणि खोबऱ्याची एक वाटी घेऊन गेली.

“आता ते बंद करा,” पत्नी म्हणाली.

मी आसनावर जाऊन बसलो. चावीवर हात ठेवला. फिरवण्यास जो वेळ लागला, तो फार असावा, कारण ती पुढे म्हणाली, “चावी काढून माझ्याकडे द्या.”

मी इंजिन बंद केले, चावी काढली आणि मागे हात करून तिच्या तळव्यावर ठेवली. तिने मूठ मिटली. घरघर थांबल्यावर प्रथम काहीच ऐकू येईना; मग लाट दगडांवर येऊन मागे ओढली जाण्याचा आवाज, दूर होडीवर कुणी काहीतरी ठोकत असल्याचा, वाळत्या मासळीवर कावळ्यांचा.

तास होऊन गेला. उन्हाला धार येऊ लागली. तिच्या मिटल्या मुठीत गाडी होती आणि मी स्टिअरिंगपाशी रिकाम्या हातांनी बसलो होतो. मला ती सकाळ आठवत होती.

“निघायचे का?” मी विचारले.

“नाही अजून,” ती म्हणाली.